उरलेला डोंगर

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडावे, एस. व्ही. रोड ओलांडून बर्फीवाला मार्गाला लागावे आणि रिक्षांचे धक्के चुकवीत पंधरा-वीस मिनिटे चालावे, की इमारतींच्या आणि झोपड्यांच्या गर्दीतून एक काळा खडक एकाएकी अंगावर येतो. नकाशावर त्याचे नाव 'गिल्बर्ट हिल'. आमच्या वस्तीत मात्र तो 'गावदेवीचा डोंगर'. डोंगर म्हणावा इतका तो मोठा नाही. उंची उणीपुरी दोनशे फूट, म्हणजे सुमारे ६१ मीटर. सह्याद्रीत भटकून आलेला माणूस त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचा नाही. वर गावदेवीचे आणि दुर्गामातेचे देऊळ, थोडी झाडे, एक लहानशी बाग. आणि तिथे जायला खडकातून चढवलेला पायऱ्यांचा उभा जिना. बस्स. एवढेच.

माझा जन्म या डोंगराच्या पायथ्याशी झाला. त्यामुळे खरे सांगायचे तर मी तो कधी पाहिलाच नव्हता! तो दुरून दिसतो. पायथ्याच्या माणसाला दिसते ती फक्त एक काळी भिंत. आमच्या खोलीच्या मागच्या खिडकीतून तीच दिसे. पावसाळ्यात तिच्यावरून पाणी ओघळे, फटींतून पिंपळाची रोपे डोके काढीत, आणि वर कुठेतरी घारी फिरत. लहानपणी मला वाटायचे, सगळ्यांच्याच खिडकीबाहेर अशी भिंत असते.

त्या भिंतीकडे मी पहिल्यांदा नीट पाहिले ते तृतीय वर्षाला आल्यावर, आणि तेही दुसऱ्यांच्या सांगण्यावरून. भूगोलाच्या वर्गाला दरवर्षी एक क्षेत्रभेट असते. आम्ही सगळे माथेरानच्या, निदान कर्नाळ्याच्या तरी आशेवर होतो. सरांनी फळ्यावर लिहिले : 'अंधेरी'. वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, डबा आणायचा का?" मी हसले नाही. हसणारी मुले उद्या माझ्या दारावरून जाणार होती, आणि दारात आमची वाळत घातलेली गोधडी असणार होती.

सर म्हणजे एक वल्ली. खडकासमोर उभे राहिले की त्यांना ऊन लागत नाही. त्यांनी आम्हांला त्या भिंतीपुढे उभे केले आणि म्हणाले, "काय दिसते?" कोणी म्हणाले दगड, कोणी म्हणाले शेवाळ. सर म्हणाले, "रेघा पाहा." आणि मग त्या दिसल्या. वीस वर्षे मी ज्या भिंतीला पाठ टेकून अभ्यास केला तिच्यावर खालपासून वरपर्यंत उभ्या रेघा होत्या. अखंड खडक नव्हताच तो. एकाला एक चिकटून उभे राहिलेले दगडी खांब होते ते. जणू कोणी सरपणाची प्रचंड मोळी उभी करून ठेवली आहे.

त्याचे कारण सरांनी सांगितले ते असे. तापलेला लाव्हा थंड होताना आकसतो. आकसताना त्याला तडे जातात, तळे आटल्यावर चिखलाला भेगा पडतात तसे. भेगांची जाळी पाच किंवा सहा बाजूंच्या चौकटींची होते, आणि थंडावा जसजसा आत उतरतो तसतशी ती भेगही आत उतरते. म्हणून खांब. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर असे जवळजवळ चाळीस हजार खांब समुद्रात उतरले आहेत. तिथले लोक त्याला राक्षसाचा बांध म्हणतात. अमेरिकेत वायोमिंगमध्ये 'डेव्हिल्स टॉवर' आहे. १९०६ साली त्या देशाने पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून जे जाहीर केले ते तेच. आपल्याकडे पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला असे खांब आहेत. गंमत अशी, की तिकडे राक्षस आणि सैतान; आमच्याकडे मात्र माथ्यावर देवी बसलेली.

वयाचीही एक कथाच आहे. वर्तमानपत्रांत या डोंगराचे वय नेहमी सहा कोटी साठ लाख वर्षे असे छापून येते, आणि त्याला जोडून डायनोसॉरही येतात. पण २००१ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात या खडकाच्या वयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ते सुमारे सहा कोटी पाच लाख वर्षे निघाले. म्हणजे डायनोसॉर संपून गेल्यानंतर पन्नास लाखांहून अधिक वर्षांनी हा लाव्हा थंड झाला. सर म्हणाले, "तेव्हा कोणा डायनोसॉरने हा डोंगर पाहिला असे प्रकल्पात लिहू नका. मी गुण कापीन."

नंतर आम्ही वर गेलो. पायऱ्या मोजायला सांगितल्या होत्या. बत्तीस जणांचे बत्तीस आकडे आले. माथ्यावर वारा होता. एका बाजूला जुहू आणि वेसावे आणि त्यांच्या पलीकडे समुद्राची राखी पट्टी. दुसऱ्या बाजूला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, ढगांत अर्धे बुडालेले. दक्षिणेला विमाने एकामागून एक खाली उतरत होती. जे. पी. रोडवरून २०१४ साली सुरू झालेली मेट्रो घाटकोपरकडे चालली होती. आणि या सगळ्याच्या मधे घरे, घरे, घरे. निळ्या ताडपत्र्यांचे चौकोन आणि त्यांतून उगवलेले वीस-वीस मजले. आमचे घर शोधायला मी वाकले, पण ते दिसेना. ते अगदी कड्याच्या खाली दडले होते.

तिथे सरांनी शेवटचा मुद्दा सांगितला. "हा डोंगर असा सुळक्यासारखा जन्मला असे समजू नका. ही एका रांगेची उरलेली शेपटी. जोगेश्वरीकडे असेच खांबांचे समूह होते, ते खाणींत फुटून गेले. याच्याही अंगाचा लचका तोडलेला आहे. आज आपण 'वा, काय उभा कडा!' म्हणतो ना, त्यातले निम्मे उभेपण खाणीने दिलेले आहे. २००७ साली महापालिकेने याला वारसा यादीच्या दुसऱ्या श्रेणीत घातले आणि भोवतीचे खाणकाम बंद केले, म्हणून एवढा तरी उरला."

"पण सर, फोडला कोणी?" एका मुलीने विचारले. तिच्या आवाजात खरा संताप होता.

सर म्हणाले, "शहराने. शहराला खडी लागते."

डोंगर कोणी फोडला हे मला ठाऊक होते. तो त्या क्षणी आमच्या खोलीत, दुपारची औषधाची गोळी घेऊन, भिंतीकडे तोंड करून झोपलेला असणार होता. पण मी बोलले नाही. वहीत मान घालून मी 'शहराला खडी लागते' हे वाक्य लिहून घेतले. बाकीच्यांनीही लिहून घेतले.

माझे आजोबा माणदेशातले. म्हसवडच्या पुढे आमचे गाव. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा ते एकोणीस-वीस वर्षांचे होते. सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्त्याच्या कडेला माणसांच्या रांगाच्या रांगा बसत आणि खडी फोडीत. शेतकऱ्याच्या हातात नांगराऐवजी हातोडी आली ती तिथे. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. आबा सांगतात, मिलोची भाकरी गिळताना डोळे मिटून घ्यावे लागत. पाऊस पुढे आला, पण आबांच्या शेताने पुन्हा विश्वास दिला नाही. १९७३ साली ते एस.टी.ने मुंबईला आले. येते काम एकच होते. गाववाल्याने अंधेरीला आणून मुकादमापुढे उभे केले, मुकादमाने तळहात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, "उद्यापासनं ये."

पुढची बारा-तेरा वर्षे ते या डोंगराच्या अंगाला आणि जोगेश्वरीकडच्या खाणींत होते. मग एक दिवस दगडाची कपची डाव्या डोळ्यात गेली. डोळा वाचला, नजर गेली. मुकादमाने आठ दिवसांची मजुरी आणि एक नारळ हातावर ठेवला. त्यानंतर त्यांनी बिगारी केली, रखवाली केली, आणि आता छातीत जमलेल्या धुळीशी त्यांचे रोजचे भांडण चालते. या सगळ्याबद्दल ते कधी बोलत नसत. आमच्या घरात खाणीचा विषय निघत नसे. जशी काही घरांत तुरुंगाची गोष्ट निघत नाही. बाबा कॉर्पोरेशनमध्ये सफाई खात्यात लागले, मला कॉलेजात घातले. आमच्या घराचा इतिहास जणू तिथपासूनच सुरू झाला.

प्रकल्प मी मन लावून लिहिला. आकृत्या काढल्या, खांबांना पेन्सिलीने छाया दिली. 'डोंगराची आजची स्थिती' या मथळ्याखाली लिहिले : 'अविचारी उत्खननामुळे या अमूल्य नैसर्गिक वारशाची अपरिमित हानी झाली.' वाक्य मला फार आवडले. वीसपैकी सतरा गुण पडले. त्या रात्री आनंदाच्या भरात मी आबांना तो सगळा वाचून दाखवला. ते भिंतीला टेकून, गुडघ्यांना हातांची मिठी घालून ऐकत होते. लाव्ह्याचा भाग त्यांना आवडला. वयाच्या भागाला ते मनापासून हसले : "पन्नास लाख वरसांचा फरक पडला तरी कुणी भांडलं न्हाई? आमचा मुकादम अर्ध्या बरासपायी शिव्या द्यायचा." मग ते वाक्य आले. मी ते जरा ठासूनच वाचले.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अविचारी म्हंजी?"

मी म्हणाले, "म्हणजे... विचार न करता केलेलं."

"हां," आबा म्हणाले. आणि मग, मला वाटते माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, ते सलग बोलले.

"इचार लई करायला लागायचा, पोरी. ह्यो दगड उभ्या शिरंचा. ज्याला शिर गावली त्यानं फोडला, न्हाई गावली त्याचा घण उलटा यायचा कपाळावर. वरनं पहार घालायची, फट हुंगल्यागत बगायची, की कुटली काठी सैल हाय. काठीच म्हनायचो आमी त्या खांबांला. एक काठी काडली की शेजारची दोन ढिली. बार घालायचा त्यो बी इचार करून. जास्ती झाला तर सगळी काठी आंगावर. शिट्टी झाली की आडोसा गाठायचा, बार मोजायचे. पाच भरलं आनि चारच उडालं, तर पाचव्याकडं कोन जानार ह्याचा बी इचार. तवा कुनी 'वारसा' म्हनलं न्हाई. म्हनलं आसतं तर..." ते थांबले. "तर बी फोडला आसता. तुजा बाप पाळन्यात व्हता."

मला काही सुचेना. वही मिटली. आबांनी ती माझ्या हातून घेतली, आकृतीवरून बोट फिरवले, आणि म्हणाले, "खांब झ्याक काडलायस. सहा बाजू बराबर."

त्या रात्री मला झोप आली नाही. वाक्य खोटे होते असे नाही. आजही मी ते खोडणार नाही. जोगेश्वरीचे खांब गेले ते गेले. सहा कोटी वर्षे उभी राहिलेली वस्तू दहा-वीस वर्षांत बारीक करून ट्रकात भरली, याला हानी नाही तर काय म्हणायचे? पण त्या वाक्यात कर्ता नव्हता. 'उत्खननामुळे' असे म्हटले की माणसे गळून पडतात, आणि मी मुद्दामच ती गाळली होती. डोंगर फोडणारा हात मी वाक्यातून काढला, आणि त्याच हाताने कमावलेल्या पैशांच्या घरात बसून सतरा गुण मिळवले.

मी लेण्यांची गोष्ट काढून पाहिली. अंधेरी पूर्वेला कोंडिवट्याची, म्हणजे महाकालीची बौद्ध लेणी आहेत. जोगेश्वरीला सहाव्या शतकातले शिवाचे लेणे आहे. मी म्हणाले, "आबा, तेही डोंगर फोडूनच केले की." आबांनी मान हलवली. "त्येंनी आतनं फोडला, देवाला जागा झाली. आमी भाईरनं फोडला." यावर मी काय बोलणार? सांत्वन करायला जाऊन तोंडघशी पडावे ते असे.

आता आजीची गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही. आजी दर नवरात्रात गावदेवीची ओटी भरायला वर जायची. बाबा झाले तो नवस याच देवीचा. आबा तिच्याबरोबर पहिल्या पायरीपर्यंत जात, आणि तिथेच बसत. ती चपला काढून त्यांच्याजवळ ठेवी. ते त्या चपला मांडीशी घेऊन ती परत येईपर्यंत बसून राहत. गर्दीत तासतास लागे. आम्हां मुलांना ते दृश्य नेहमीचे झाले होते. आबांचे गुडघे दुखतात म्हणून ते येत नाहीत, असेच आम्ही धरून चाललो होतो. पण गुडघे तर अलीकडे दुखू लागले. त्याआधीची तीस-पस्तीस वर्षे?

२०२० साली करोनामुळे देवळे बंद होती. नवरात्रात वर जायला मिळाले नाही. आजीने आणलेला खण, हिरव्या बांगड्या आणि ओटीचे तांदूळ एका पिशवीत बांधून ट्रंकेत ठेवले : "पुढच्या साली दोन्ही सालांची ओटी एकदम भरीन." पुढचे साल तिने पाहिले नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये ती गेली. तांदूळ आईने काढून टाकले, खण राहिला. त्याला कोणी हात लावला नाही आणि कोणी त्याचे नावही काढले नाही.

प्रकल्पानंतर आलेल्या नवरात्रात, म्हणजे २०२४ साली, मी तो बाहेर काढला. आईला म्हणाले, मी भरून येते. आई हो म्हणाली. चपला घालीत होते तेवढ्यात आबा उठले आणि टोपी शोधू लागले. मला वाटले नेहमीप्रमाणे पहिल्या पायरीपर्यंत येतील.

आम्ही गल्लीतून निघालो. सकाळचे साडेसहा असतील. दूधवाल्याच्या सायकली, नळावरच्या हंड्यांच्या रांगा, मशिदीच्या कोपऱ्यावरचे चहाचे दुकान. आबांना जो तो हात करीत होता. वाटेत बर्फीवाला पुलाचा विषय निघाला. मुंबईकरांना आठवत असेल, २०२४च्या फेब्रुवारीत नवा गोखले पूल एका बाजूने खुला झाला, तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल त्याला जुळेना. दोघांत माणूसभर उंचीचा फरक! पुढे जॅक लावून तो पूल उचलला आणि जुलैत जोडला. आबांना या प्रकरणाचा विलक्षण आनंद झाला होता. "शिकल्याली मानसं," ते म्हणत, आणि एवढेच म्हणून थांबत. त्या सकाळीही म्हणाले.

पहिली पायरी आली. मी चपला काढल्या. आबांनी आपल्याही काढल्या, दोन्ही जोड एकावर एक ठेवून फुलवालीपाशी दिले, आणि कठड्याला हात घालून चढू लागले.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर कदाचित ते परत फिरले असते. दहा पायऱ्या आणि विसावा, दहा पायऱ्या आणि विसावा. छातीतून आवाज येत होता, खडीच्या ढिगावरून चालावे तसा. मागून येणारी माणसे वाट काढून पुढे जात. एका वळणावर ते थांबले आणि शेजारच्या खडकावर तळवा ठेवला. मी पाहिले : खडकात एक गोल खोबण होती, बोटभर रुंद, पहारीने पाडलेली. सरांच्या भेटीत आम्ही बत्तीस जण तिच्या शेजारून गेलो होतो. कोणालाही ती दिसली नव्हती.

"ह्यो भरल्यालाच ऱ्हायला," आबा म्हणाले. "बार घालायचा व्हता हिथं. मग वरनं कुनी तरी सांगितलं, पायऱ्यांजवळ नको."

अर्ध्यावर, दम खाताना, मी शेवटी विचारले. इतकी वर्षे वर का आला नाहीत?

आबांनी आपल्या एका डोळ्याने माझ्याकडे पाहिले. "जिच्या पायाखालची जागा काडून घ्येतली, तिच्याम्होरं कोणत्या तोंडानं उबं ऱ्हायचं? तुजी आजी जायाची. म्हनायची, मी सांगते तिला तुमच्या वतीनं. काय सांगायची कुनास ठाव."

वर पोहोचायला पाऊण तास लागला. देवळात गर्दी होती. मी रांगेत उभी राहिले, आबा बाहेर बागेच्या कठड्यापाशी टेकले. माझी पाळी आली तेव्हा मी खण, नारळ, तांदूळ देवीपुढे ठेवले. चार वर्षे ट्रंकेत राहिलेल्या खणाच्या घडीवर फिकी रेघ पडली होती. पुजाऱ्याने तो उलगडूनही पाहिला नाही, बाकीच्या खणांच्या ढिगावर ठेवला. एवढ्या धकाधकीत आजीचे नाव घ्यायचे मी विसरलेच. ते बाहेर पडताना आठवले. पुन्हा आत जायची सोय नव्हती.

आबा देवळात गेले नाहीत. दारासमोर उभे राहिले, टोपी काढली, आणि बराच वेळ तसेच उभे होते. लोक त्यांना वळसा घालून जात होते. मग टोपी घालून ते म्हणाले, "चल, तुला दाकवतो."

ते मला पश्चिमेच्या कठड्याशी घेऊन गेले. मला वाटले समुद्र दाखवतील. त्यांनी बोट केले ते समुद्राकडे नाही, आणि खालीही नाही. कठड्यापासून पन्नास-साठ फुटांवर, समोरच्या उंच इमारतीच्या अलीकडे, नुसत्या हवेत त्यांचे बोट रोखलेले होते.

"तितं जमीन व्हती," आबा म्हणाले. "ह्या डोंगराचाच खांदा. त्यावर करंजाचं एक झाड व्हतं. त्येच्या फांदीला आमी भाकरीची फडकी टांगायचो, मुंग्या लागूने म्हनून. दुपारच्याला तितं बसलं की वारा असा यायचा. समुद्र बी दिसायचा."

मी पाहू लागले. हवाच होती. एक घार तिथून तिरकी गेली. मी मनातल्या मनात त्या जागी खडक भरू लागले. कड्यापासून सुरुवात करून एकेक काठी उभी करीत गेले, तशी ती रेष थेट समोरच्या इमारतीत शिरली. सातवा मजला असेल, किंवा आठवा. तिथे एका खिडकीत कोणी बाई कपडे वाळत घालीत होती.

"ती बाई हाय न्हवं," आबा म्हणाले, "बराबर तितं मी जेवायचो."

त्या इमारतीच्या भिंतीत कुठली खडी आहे कोण जाणे. इमारत नवी आहे, खडी लांबून आली असणार. पण अंधेरीतल्या जुन्या चाळी, जुने रस्ते, रेल्वेच्या रुळांखालचा दगड, यांत कुठेकुठे हा डोंगर पसरला असेल याचा मी हिशेब करू पाहिला आणि सोडून दिला. प्रकल्पात एक तक्ता होता, 'टेकडीची लांबी, रुंदी, उंची'. त्यातली मोजमापे आम्ही टेपने घेतली होती. आबांच्या बोटापुढच्या त्या जागेला त्यात रकाना नव्हता.

आबा टक लावून पाहत होते. एकच डोळा, तोही बारीक करून. बाईला ते जाणवले असावे. तिने चिमटे तोंडातून काढले, आमच्याकडे एकदा रागाने पाहिले आणि झटकन पडदा ओढून घेतला.

"आबा, तिला वाटलं तुम्ही तिच्याकडेच बघताय."

"मंग कुनाकडं बगतोय?" आबा म्हणाले, आणि खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले. हसता हसता डोळे पुसले, दोन्ही, न दिसणारासुद्धा. मग कठड्यावरचा हात काढून माझ्यापुढे केला. "चल. हात दे. चढताना छाती धरती, उतरताना गुडघं. आनि खाली फुलवालीला दोन रुपयं जास्ती दे, तुज्या आजीच्या चपला कवा तिच्यापाशी ठिवल्या न्हाईत."